आधी पाणी बघायचं

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका माणसाचा उभा जन्म ट्रॉलरचं इंजिन सांभाळण्यात गेला. बंदरावर सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. त्याचा मुलगा मात्र समुद्राकडे वळला नाही. त्याने मारुती मंदिराजवळ गाळा भाड्याने घेतला, भारीतला लॅपटॉप आणला आणि लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला बसला.

माघापासून वैशाखापर्यंत कामाला खळ नव्हता. लॅपटॉप रात्र रात्र चाले, तोही गादीवर, कारण मुलगा गादीवर लोळतच काम करी. पंख्याची घरघर वाढली, तेव्हा त्याने कानांना हेडफोन लावले. तळ चटके देऊ लागला, तेव्हा मांडीवर उशी घेतली. एप्रिलात पडद्यावर रंगीत रेघा उमटल्या. बंद करून तासभर ठेवला की रेघा जात. ‘होतोय ना चालू’ म्हणत त्याने आणखी काही दिवस रेटले. मग एका रात्री, ऐन वरमाला पडताना, पडदा काळा झाला.

जवळच्या एका दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, “ग्राफिक्स गेलं.” लॅपटॉप उघडून त्याने चिपवर हॉट एअर गनचा झोत धरला आणि थोड्या वेळात पडदा लख्ख. मुलगा घरी येऊन कौतुकाने सांगू लागला. बापाने एवढंच विचारलं, “पण बिघडला कशानं, ते सांगितलंन काय त्यानं?”

“बाबा, चालू झाला ना! कशानं ते आपल्याला कशाला?”

तीन आठवड्यांत रेघा परतल्या. मुलगा पुन्हा त्याच दुकानाची वाट धरणार, तोच बापाने अडवलं आणि त्याला राम आळीतल्या एका ताईकडे नेलं.

ताईने स्क्रू ड्रायव्हरला हातही लावला नाही. आधी विचारलं, “रेघा चालू केल्याबरोबर येतात की तापल्यावर? लॅपटॉप ठेवता कशावर? पंखा शेवटचा साफ कधी केलात?” तिसऱ्या प्रश्नावर मुलगा गप्प बसला.

मग तिने एकेक संशयित बाजूला काढायला घेतला. विंडोज सुरू होण्याआधीचा बायोसचा पडदा उघडला. रेघा तिथेही होत्या, म्हणजे दोष ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा नव्हता. एचडीएमआय केबलने दुकानातला टीव्ही जोडला. त्यावरही त्याच रेघा, म्हणजे लॅपटॉपचा पडदा आणि त्याची केबल सुटली. खराब रॅमसुद्धा असे खेळ करते, म्हणून दुसरी रॅम घालून पाहिली. फरक नाही. आता कुठे तिने तळाचे स्क्रू काढले.

आत पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध धुळीचा नमदा बसला होता. खाऱ्या, दमट हवेने तो चिकटून घट्ट झालेला. चिपवरची थर्मल पेस्ट सुकून तिची खपली झाली होती. दुकानदाराने झोत मारला होता, पण हा नमदा जागचा हलवला नव्हता.

ड्रायव्हरकाका पुढे वाकले. “बाय, हा वारा जायचा रस्ता ना? मग हे आमच्या इंजिनाचं पाणीच झालं. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवायचं, आणि ते बोटीच्या अंगातून बाहेर पडतंय ना, त्यावर डोळा ठेवायचा. आत घेणाऱ्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की इंजिन तापलंच. तेव्हा इंजिनावर बादली ओतून काय होणार? आधी पाणी बघायचं.”

“काका, अगदी तेच,” ताई म्हणाली. “चिप लहान लहान सोल्डरच्या गोळ्यांवर बसलेली असते. तापली की सिलिकॉन थोडंसं प्रसरण पावतं, खालचा बोर्ड कितीतरी जास्त. निवली की दोन्ही आकसतात. रोजच्या या ओढाताणीत सोल्डरला बारीक तडे जातात. २००८ साली एनव्हिडियासारख्या कंपनीला लॅपटॉपमधल्या अशाच चिप्सपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. तिथे चिप जोडण्याचं साहित्यच कच्चं निघालं होतं आणि तापण्या-निवण्याने त्याचा निकाल लावला.”

“मग झोत मारल्यावर चालला कसा?” मुलाने विचारलं.

“शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. वरवरच्या झोताने तेवढी उष्णता नीट पोचतेच असं नाही. भाग फुगतात, तुटलेली टोकं एकमेकांना टेकतात आणि दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. दोन दिवस तापलं-निवलं की पुन्हा सुटतात. तुमची ही चिप आता भरवशाची नाही. ती बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, त्यामुळे कार्डासारखी काढून दुसरी घालता यायची नाही. मदरबोर्डच बदलावा लागेल. पंखा पहिल्यांदा घरघरला तेव्हा आला असतात, तर ब्रश आणि पेस्टवर भागलं असतं.”

मुलाचा चेहरा उतरला. “आणि लग्नाचं शूटिंग?”

“ते एसएसडीत आहे, ती वेगळी असते.” ताईने एसएसडी काढून दुसऱ्या मशिनला लावली. वरमाला शाबूत होती.

नवा मदरबोर्ड बसला तेव्हा लॅपटॉपची निम्मी किंमत गेली होती. जाताना ताईने चार गोष्टी बजावल्या. लॅपटॉप टणक, सपाट जागेवर ठेवायचा आणि मागची बाजू थोडी उचलायची. काम करताना तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवायचं, आकडा सतत नव्वदीच्या वर राहिला की थांबून कारण शोधायचं. गरम लॅपटॉप लगेच बॅगेत कोंबायचा नाही. आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यायचा, पेस्ट सुकली असेल तर तीही बदलायची.

“वर्षातून एकदा म्हणजे कधी?” मुलाने विचारलं.

उत्तर बापाने दिलं. “१ जूनला मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. तेव्हा बोटी वर काढतात, इंजिन खोलतात. ते बिघडलेलं असतं म्हणून नव्हे. भर समुद्रात बिघडू नये म्हणून. तुझी लग्नंही पावसात थांबतात. तूही तेव्हाच खोल.”

तेव्हापासून जून लागला की बापलेक दोघांची इंजिनं उघडी पडतात. मुलाची लग्नाची कामं वेळेवर जातात, आणि पंख्याचा आवाज जरा बदलला तरी तो आधी हेडफोन काढतो.

तात्पर्य: कारण जागेवर ठेवून केलेली दुरुस्ती म्हणजे बिघाडाला दिलेली मुदतवाढ. तिचं व्याज बहुधा ऐन मुहूर्तावर वसूल होतं.