नुसतं बघतो

दुकानातलं पुस्तक वाचून परत ठेवणं ही चोरी आहे का? परवापर्यंत मी बेधडक ‘नाही’ म्हणालो असतो.

कॉलेजला मी कारध्याहून नागपूरला जायचो. वैनगंगेचा पूल ओलांडून भंडारा, तिथून वरठीचं भंडारा रोड स्टेशन, मग गाडी. परतीच्या गाडीला उशीर झाला की नागपूरच्या फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभा राहायचो. खिशात पास आणि चहापुरते पैसे. एक दिवाळी अंक तर मी चार संध्याकाळी मिळून उभ्याउभ्या संपवला. स्टॉलवरचे काका बघत होते. एकदाच म्हणाले, “पान दुमडू नका जी, विकायचा आहे अजून.”

फलाटावरचा हा धंदा जुना. डब्ल्यू. एच. स्मिथने १८४८ साली लंडनच्या युस्टन स्टेशनवर पहिला स्टॉल टाकला. आपल्याकडे १८७७मध्ये अलाहाबादेत एमिल मोरो यांनी ए. एच. व्हीलर सुरू केली. याच कंपनीने १८८८ साली किपलिंगच्या कथांच्या पुस्तिका एक रुपयाला प्रवाशांपुढे ठेवल्या. गाडीची वाट बघणारा माणूस चाळेल, गुंतेल आणि गाडी आली की पैसे काढेल, यावरच सगळी भिस्त. चाळणं धंद्यातच धरलेलं. अख्खा अंक वाचणं मात्र नव्हे, हे मलाही कळत होतं. पहिल्या पगारात त्याच स्टॉलवरून दोन अंक घेतले आणि हिशेब मिटला असं मानलं.

परवा नागपुरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीला विषय सांगितला. तिने तीन पुस्तकं काढली, कुठला अनुवाद सरस तेही सांगितलं. वीसेक मिनिटं गेली. मी मुखपृष्ठाचा फोटो काढला, बाहेर येऊन मोबाइलवर तेच पुस्तक सव्वाशे रुपयांनी स्वस्त मागवलं. दुकानातलं एक पानही मी वाचलं नव्हतं. तरी मन खात राहिलं.

स्वस्त मिळेल तिथे घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, यात वाद नाही. सव्वाशे रुपये अनेकांना मोठे असतात. पण मला ते परवडत होते. आणि माझ्या एकट्याने काय होतं, ही सबब आमच्या गावात तरी चालू नये. कारध्याला वैनगंगेची पातळी मोजतात. पाणी बोटाबोटाने चढतं आणि एका सकाळी जुना पूल दिसेनासा होतो. कुठल्या सरीने बुडाला, हे कोण सांगणार? दुकानंही अशीच बंद होतात.

तरीही खरी बोच वेगळी होती. काकांना ठाऊक होतं की हा पोरगा घेणार नाही. ठाऊक असून त्यांनी वाचू दिलं. ते माझ्यावर उपकार होते आणि करायचे की नाही, हे त्यांच्या हातात होतं. त्या मुलीला मी तेवढीही संधी दिली नाही. ती मला गिऱ्हाईक समजत होती आणि मी तसं समजू दिलं.

ऑर्डर रद्द करता आली असती. केली नाही, पुस्तक आलं, चांगलं निघालं. आता दुकानात शिरताना घ्यायचं नसेल तर आधीच सांगतो, “नुसतं बघतो.” मग समोरच्याने किती वेळ द्यायचा, ते त्याने ठरवावं. ज्याने पुस्तक निवडून दिलं, त्याच्याकडूनच ते घ्यायचं, एवढंही पाळतो. त्या मुलीचं देणं मात्र अजून बाकी आहे.