जे हलतात त्यांचं काय?

एमआरआयच्या बोगद्यात सरकवण्याआधी तंत्रज्ञ एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावतो: हलू नका. ऐकायला साधं आहे. पण त्या आज्ञेत आदर्श पेशंटची एक व्याख्या दडलेली आहे, आणि तिच्यात कोण बसत नाही हे बघायला लागलं की प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही.

आधी यंत्राबद्दल. मोबाईलचा कॅमेरा प्रकाश एका झटक्यात टिपतो. एमआरआय शरीरातल्या हायड्रोजनकडून येणारे संदेश ओळीओळीने, कित्येक मिनिटं गोळा करतं आणि शेवटी फूरियरच्या गणिताने त्यांचं चित्र बनवतं. प्रत्येक ओळीत चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणून चौथ्या मिनिटाला मान हलली तर एखादा कोपरा नाही, सगळंच चित्र बिघडतं. कवटीची कड फिकट होऊन पुन्हापुन्हा उमटते. या क्षेत्रातले लोक तिला सरळ ‘भूत’ म्हणतात.

भूत उतरवायच्या युक्त्या पुष्कळ. १९९९ मध्ये जेम्स पाइप यांनी मांडलेली प्रोपेलर पद्धत मला त्यात सगळ्यात लोभस वाटते. मोजणी पंख्याच्या पात्यांसारखी फिरवत घ्यायची. प्रत्येक पातं मध्यातून जातं, त्यामुळे मधला भाग दर वेळी नव्याने मोजला जातो, आणि पात्यांची तुलना करून डोकं किती वळलं ते काढता येतं. माणूस हलणारच, हे मान्य करून केलेली रचना आहे ही.

खरी अडचण मेंदूच्या संशोधनात आली. मुलं मोठी होताना मेंदूतल्या जवळच्या भागांमधले दुवे सैल होतात आणि लांबचे घट्ट होतात, असा एक निष्कर्ष प्रसिद्ध होता. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी दाखवलं की डोक्याची मिलिमीटरहून कमी हालचालसुद्धा नेमका असाच आभास निर्माण करते. आणि लहान मुलं जास्त हलतात! यातल्या एका गटातले काही जण आधीच्या निष्कर्षातही सहभागी होते. स्वतःच्याच कामावर असा हात टाकायला धैर्य लागतं.

मग उपाय म्हणून हललेल्या क्षणांची मोजमापं गाळायची; उंबरठा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. फारच हलला तर अख्खा माणूस गाळायचा. आता जास्त हलतं कोण? लहान मुलं, एडीएचडी असलेले, ऑटिझम असलेले, कंप असलेले, पाठदुखीने कळवळणारे. म्हणजे ‘ऑटिस्टिक मेंदू असा असतो’ हे वाक्य प्रत्यक्षात ज्यांना निपचित पडणं जमलं त्यांच्याबद्दलचं असू शकतं. ठेवलं तर खोटं, गाळलं तर वेगळं खोटं. मला दुसरं जास्त घातक वाटतं. चित्रातलं भूत निदान दिसतं. यादीतून गळलेलं मूल दिसत नाही.

(निश्चलतेनेही सगळं साधत नाही. स्कॅनरमध्ये ठेवलेल्या एका मेलेल्या सामन माशाचे निष्कर्ष काही संशोधकांनी २००९ मध्ये मांडले. संख्याशास्त्रात काळजी घेतली नाही तर त्याच्याही मेंदूत हालचाल ‘दिसते’, हे त्यांना दाखवायचं होतं. याहून शांत पेशंट मिळणार नाही.)

आता भूत पुसायला एआय आलं आहे. इथे मी साशंक आहे. उदाहरणांवरून शिकलेली अशी प्रणाली नुसतं पुसत नाही, तिथे काय असायला हवं होतं तेही भरते. शिकताना तिने कधी न पाहिलेली बारीकशी गाठ असेल तर ती गुळगुळीत होऊन जाऊ शकते, आणि चित्र इतकं सुबक येतं की डॉक्टरला शंका यायचं कारणच उरत नाही. किती हललं, किती भरलं, याची नोंद चित्रासोबत जायला हवी, निदान एवढं तरी पेशंटला आपण देणं लागतो.

भूल देऊन निजवणं हा मार्ग आहेच, पण त्याचा धोका पेशंटच्या माथी. काही केंद्रांत मुलांसाठी नकली स्कॅनर असतो: चुंबक नाही, फक्त बोगदा आणि तोच खडखडाट. मूल त्यात आडवं पडून सराव करतं, सिनेमा बघतं, कंटाळलं की बाहेर येतं. याला वेळ लागतो, सोबत बसणारा माणूस लागतो, आणि त्याचे पैसे प्रकल्पाच्या अर्जातच मागावे लागतात.