परदेशातील मुले, हॅलोविन आणि ‘लोक काय म्हणतील?’



तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातून शिक्षणासाठी अकोला किंवा अमरावती गाठणे हीच एकेकाळी मोठी मजल मानली जात असे. आज चित्र बदलले आहे. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क आकारले जात नाही, आणि २०२२-२३ पासून तेथील परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. कापूस आणि तुरीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरालाही हा मार्ग आता अशक्य वाटत नाही. ज्ञानासाठी केलेला प्रवास ही आपल्या धर्मात पुण्याची गोष्ट आहे. परंतु या प्रवासात मुलांसमोर असे प्रश्न उभे राहतात, ज्यांची तयारी आपण घरी करून घेतलेली नसते.

समजा, ऑक्टोबर महिना संपत आला आहे आणि अशाच एखाद्या घरी मुलाचा फोन येतो, “अम्मी, ३१ तारखेला वसतिगृहात हॅलोविन आहे. भुताचा मुखवटा घालायचा, भोपळा कोरून त्यात दिवा लावायचा, रात्री सर्वांनी एकत्र जमायचे. नुसती गंमत तर आहे. मी गेलो तर काय बिघडेल?”

‘हराम आहे, जाऊ नकोस’ एवढे बोलून फोन ठेवता येतो. आज्ञाधारक मुलगा एक वर्ष थांबेलही. पण त्याने कारण विचारले आहे, आणि कारण न कळता पाळलेले बंधन परक्या देशात फार काळ टिकत नाही. म्हणून हा प्रश्न आपण शांतपणे समजून घेऊ या.

हॅलोविन म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील १ नोव्हेंबरच्या ‘सर्व संतांच्या दिवसा’ची आदली रात्र. आयर्लंडमधील प्राचीन केल्टिक लोक याच सुमारास ‘साविन’ नावाचा सण पाळीत. उन्हाळा संपून अंधाराचे दिवस सुरू होताना मृतांचे आत्मे पृथ्वीवर वावरतात, अशी समजूत त्याच्याशी जोडलेली होती. त्यांना पिटाळण्यासाठी सलगम कोरून त्यात दिवा ठेवला जाई. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांनी ही प्रथा अमेरिकेत नेली आणि तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. जर्मनीत तर हा सण अगदी अलीकडचा आहे. १९९१ मध्ये आखाती युद्धामुळे तेथील कार्निव्हलच्या मोठ्या मिरवणुका रद्द झाल्या. त्यानंतरच्या वर्षांत वेशभूषा आणि खेळणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी हॅलोविनचा जोमाने प्रचार केला. म्हणजे मुळाशी मृतात्म्यांचे भय आणि वर बाजाराचे वेष्टन, असे या रात्रीचे स्वरूप आहे.

इस्लामची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील लोक दोन दिवस खेळ-उत्सवाचे म्हणून पाळीत असत. त्या दोन दिवसांच्या बदल्यात अल्लाहने तुम्हाला अधिक चांगले दोन दिवस दिले आहेत, ईदुल-फित्र आणि ईदुल-अज़हा, अशा आशयाची त्यांची शिकवण हदीसमध्ये नोंदलेली आहे. आनंद मानण्यास मनाई झाली नाही. त्या आनंदाला एकेश्वरत्वाचा पाया देण्यात आला. भुतांविषयी म्हणाल, तर काही माणसे जिन्नांचा आश्रय मागत आणि त्यामुळे त्यांची अवस्था अधिकच बिघडली, असा इशारा दिव्य कुरआनात आहे (७२:६). मृताचा आत्मा घुबडाच्या रूपाने भटकतो ही अरबांची समजूत, सफर महिन्याच्या अशुभतेची कल्पना आणि रानातील भुताची भीती या सर्वांचे प्रेषितांनी (स.) खंडन केले.

येथे मुलगा म्हणेल, “पण अम्मी, आमच्यापैकी कोणीच भुतांवर विश्वास ठेवत नाही!” त्याचे म्हणणे खोटे नाही. युरोपातील बहुतेक तरुणांना ही रात्र केवळ मनोरंजन वाटते. मग आपला आक्षेप नेमका कशावर आहे?

वाचकहो, त्या मुलाच्या मनातील खरे भय भुतांचे नाहीच. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथे घड्याळे एक तास मागे जातात. ३१ तारखेला बर्लिनमध्ये पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. मगरिबची नमाज अदा करून मुलगा खोलीत बसतो, तेव्हा बाहेर काळोख असतो, थंडी असते आणि शेजारच्या खोलीत हसण्याचा आवाज असतो. ‘मी गेलो नाही तर हे मला आपला मानणार नाहीत’ हे त्याचे भय आहे. तो मुखवटा भुतासाठी घालत नाही, एकटे पडू नये म्हणून घालतो. आज हॅलोविन आहे, उद्या हातात मद्याचा पेला येईल, आणि तेव्हाही कारण हेच असेल.

आता क्षणभर आपल्या घरात डोकावून पाहू या. हे भय त्याने जर्मनीत शिकले काय? घर बांधताना दारावर काळी बाहुली टांगणारे, लिंबू-मिरची बांधणारे आपल्यातही आहेत. सफरचे पहिले तेरा दिवस अशुभ मानून लग्नाची तारीख पुढे ढकलणारी कुटुंबे आहेत. शबे-बरातला कब्रस्तानात मृत्यूचे स्मरण करण्याऐवजी रस्त्यावर फटाके उडविणारी मुले आहेत. आणि या सर्वांहून मोठे भूत म्हणजे ‘लोक काय म्हणतील?’ शेत गहाण टाकून मुलीच्या लग्नात चारशे लोकांचे जेवण आणि डीजे कोणासाठी असतो? ज्या मुलाने लहानपणापासून आपल्या वडिलांना लोकांच्या भयाने झुकताना पाहिले, त्याला सहा-सात हजार किलोमीटर दूर एकट्याने ताठ उभा राहा असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? लोकांना न भिता माझे भय बाळगा, हा अल्लाहचा आदेश (५:४४) तेल्हाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

याचा अर्थ मुलाने तुसडेपणाने वागावे असा मुळीच नाही. जे तुमच्याशी धर्माच्या कारणावरून लढले नाहीत, त्यांच्याशी सदाचाराने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही (६०:८). या बाबतीत हजरत जाफर बिन अबू तालिब (र.) यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मक्केतील छळाला कंटाळून मुस्लिमांचा एक गट हबशा देशात ख्रिस्ती राजा नजाशी याच्या आश्रयाला गेला होता. दरबारात हजर होताना त्यांनी राजाला सजदा केला नाही. आम्ही केवळ अल्लाहलाच सजदा करतो, असे कारण सांगितल्याचे रिवायतींत येते. पण त्याच दरबारात त्यांनी अत्यंत नम्रतेने बोलून सूरह मरयममधील आयतींचे पठण केले आणि राजाचे डोळे पाणावले. मस्तक झुकले नाही, आणि वाणीत कटुताही आली नाही. परदेशातील प्रत्येक मुस्लिम विद्यार्थ्याने हा धडा लक्षात ठेवावा.

म्हणून अम्मीने फोनवर असे सांगावे, “बेटा, तू जाऊ नकोस. पण दार बंद करून कुढतही बसू नकोस. मित्रांना आधीच हसतमुखाने सांग की हा सण माझा नाही. त्यांची थट्टा करू नकोस, त्यांच्या सणाला नावे ठेवू नकोस. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांना जेवायला बोलाव, आपल्याकडची मसाल्याची डाळ आणि भात करून घाल. ईदला शेवयांचा शीरखुर्मा घेऊन त्यांची दारे वाजव. तुझ्या नकारात तिरस्कार नाही, हे त्यांना तुझ्या वागण्यातून कळेल.” आणि फोन ठेवण्यापूर्वी एवढे जरूर म्हणावे, “त्या संध्याकाळी आम्ही तुला फोन करू.” एकाकी मुलाला उपदेशाइतकीच सोबतीचीही गरज असते.

आणि त्याच रात्री अब्बांनी दारावरची काळी बाहुली काढून टाकावी. मुलाला दिलेली शिकवण तेव्हाच पूर्ण होईल.

अल्लाह आपल्या मुलांचे परक्या भूमीत रक्षण करो आणि आपल्या सर्वांच्या अंतःकरणातून स्वतःखेरीज इतर सर्व भये दूर करो. आमीन.