शेवटची किक आणि अपयशाचा धनी

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, म्हणजे दोष कावळ्याच्या माथीं येतो. फांदी किती दिवसांपासून किडली होती, हें पाहावयास झाडावर कोणी चढत नाहीं. खेळाच्या मैदानावर हा न्याय सर्रास चालतो, आणि मैदानाबाहेरही तो कमी चालतो असें नाहीं. म्हणून, एखाद्या एकाच कृतीनें सामन्याचा निकाल लागतो काय, हा प्रश्न आम्हांस केवळ करमणुकीचा वाटत नाहीं.

इ. स. १९९१ च्या जानेवारीच्या २७ तारखेस फ्लोरिडांतील टँपा शहरीं अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्क जायंट्स व बफेलो बिल्स या संघांत झाला. त्या खेळांत चेंडू हातीं घेऊन धावणें व फेंकणें हाच मुख्य भाग. तथापि दोन उंच खांबांमधून किकेनें चेंडू पार केल्यास तीन गुण मिळतात. आठ सेकंद उरले होते. जायंट्सचे गुण २०, बिल्सचे १९. स्कॉट नॉरवुड यांनीं ४७ यार्डांवरून किक मारली. चेंडू पुरेसा उंच गेला, पुरेसा लांबही गेला. परंतु उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. बिल्स एका गुणानें हरले.

या किकेनें निकाल लावला, असें म्हणण्यांत एका अर्थीं चूक नाहीं. चेंडू दोन हात डावीकडून जाता, तर २२ विरुद्ध २० अशी जीत बिल्सची होती. परंतु निकाल लावणें निराळें आणि निकाल घडविणें निराळें. साठ मिनिटांच्या त्या खेळांत ४० मिनिटें ३३ सेकंद चेंडू जायंट्सच्या ताब्यांत होता. तिसऱ्या चरणांत त्यांनीं एका दमांत नऊ मिनिटांहून अधिक वेळ तो सोडला नाहीं. त्यांतच एकदां त्यांना १३ यार्डांची गरज असतां मार्क इंग्रॅम यांनीं बिल्सच्या गड्यांचे हात एकामागून एक चुकवून १४ यार्ड काढले. त्यांतील एका हातानें जरी त्यांना पुरतें धरलें असतें, तरी चढाई बहुधा तेथेंच थांबती. त्यापूर्वीं ब्रूस स्मिथ यांनीं जायंट्सच्या हॉस्टेट्लर यांना त्यांच्याच गोलक्षेत्रांत पाडलें; चेंडू हातून निसटून बिल्सना मिळता तर सहा गुण होते, तो निसटला नाहीं म्हणून दोनच मिळाले. पराभव तर एकाच गुणाचा होता! मग तो गुण कोणीं गमावला?

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तेथील विवेचन आत्म्याच्या अकर्तृत्वाविषयीं असलें, तरी एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धि असंस्कृत होय, हा त्यांतील इशारा व्यवहारांतही उपयोगी आहे. नॉरवुड यांचें घरचें मैदान कृत्रिम गवताचें, टँपाचें खऱ्या गवताचें; संघानें त्यांच्यापर्यंत चेंडू आणला तो ४७ यार्डांच्या अंतरापर्यंतच. या सर्वांचा भार त्या एका पायावर होता.

यावर कोणी म्हणेल, आधींच्या चुका भरून काढतां येत होत्या, शेवटची येत नव्हती. खरें आहे, परंतु हा भेद वेळेचा आहे, वजनाचा नव्हे. पहिल्या चरणांत गेलेला गुण आणि शेवटच्या क्षणीं गेलेला गुण हिशेबाच्या वहींत सारखेच असतात. शेवटचा तेवढा डोळ्यांत भरतो.

आणि लोकनिंदा शेवटच्या क्षणाचीही वाट पाहत नाहीं. १६ जुलै १९५० रोजीं रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेशीं बरोबरी झाली असती, तरी ब्राझील जगज्जेता होता. ७९ व्या मिनिटास घिजिया यांनीं दुसरा गोल केला आणि ब्राझील २-१ असा हरला. गोलरक्षक बार्बोसा यांना देशानें अपराधी ठरविलें. वास्तविक त्यानंतर ११ मिनिटें उरलीं होतीं, आणि मागील दोन सामन्यांत ७ व ६ गोल करणारा संघ त्या दिवशीं एकच गोल करूं शकला होता. इ. स. २००० मध्यें मृत्यु येईपर्यंत तो कलंक त्यांच्यामागें राहिला. आपल्या देशांत सर्वांत मोठी शिक्षा ३० वर्षांची, आपण मात्र ५० वर्षें भोगीत आहों, असें ते म्हणत.

बफेलो शहर निराळें वागलें. दुसऱ्या दिवशीं हजारों नागरिक चौकांत जमले आणि त्यांनीं नॉरवुड यांचेंच नांव घेऊन त्यांना पुढें बोलाविलें. ते पुढें आले तेव्हां त्यांना अश्रु आवरेनात. त्या जमावानें कारणमीमांसा केली नव्हती. पण न्याय केला होता.

याचा अर्थ कर्त्यानें आपली जबाबदारी झटकावी असा नव्हे. किक नॉरवुड यांची होती आणि ती चुकली, हें त्यांनीं स्वतः कधीं नाकारलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याच्या हातून चूक झाली त्यानें ‘ती माझी’ म्हणावें, आणि भोंवतालच्यांनीं ‘ती आपली’ म्हणावें. घरांत परीक्षेंत नापास झालेला मुलगा असो, कीं मोडलेला संसार असो, आपण बहुधा शेवटचा क्षण तेवढा पाहतों आणि एक नांव उच्चारतों. तें उच्चारण्यापूर्वीं आधींच्या एकूणसाठ मिनिटांत आपण स्वतः कोठें उभे होतों, हें आठवावें.