आधी कोण ताणणार?

शिरपुरात अरुणावतीच्या अंगाला एका मामा-भाच्याचं सुतारकामाचं शेड होतं. दारं, चौकटी, पलंग हे पोटाचं काम. धनुष्यं मामाच्या हौसेची. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल घरांत बांबूचा कामठा नवा नाही, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. पण इंडियन राउंडच्या स्पर्धेत 30 आणि 50 मीटरवरून बाण लागोपाठ एकाच जागी घालायचे, तर आजही तेवढाच आणि उद्याही तेवढाच ताण देणारं धनुष्य हवं. म्हणून मामा तीन थर चिकटवून ते करी. बाहेरच्या अंगाला बांबूची पट्टी, कारण ताणलं जाणं बांबूला झेपतं. मधे आणि आत धामण, कारण ती वाकते आणि वाकून परत येते.

पळासनेरच्या बाजूच्या एका पाड्यावरचा पोऱ्या आगाऊ पैसे देऊन गेला होता. जिल्ह्याची निवड रविवारी. मामा लाकूड बघायला बाहेरगावी गेलेला. काम भाच्यावर आलं.

मामाची पद्धत ठरलेली होती. पट्ट्या कोरड्याच एकमेकींवर ठेवायच्या, न दाबता, आणि खिडकीकडे धरून सांध्यातून पाहायचं. उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंधा. सरस म्हणजे गिलावा नव्हे, असं तो म्हणे. धनुष्य वाकतं तेव्हा बाहेरचा थर ताणला जातो, आतला दाबला जातो, आणि मधल्या सांध्यावर दोघांचीही एकमेकांवरून सरकायची ओढ येते. ती ओढ लाकडाला लाकूड भिडलेलं असेल तरच पेलते. फट भरून बसलेला जाड सरस तिथं फार काळ टिकत नाही.

भाच्याला हे सगळं पाठ होतं. बोधकथांतल्या भाच्यांना अक्कल कमी असते असं नाही, त्यांना घाई असते. मे महिना, पारा चाळिशीच्या वर. त्यानं आधी इपॉक्सीच्या दोन्ही डब्यांतला माल वाटीत कालवला आणि मग पट्ट्या उजेडाला धरल्या. मुठीच्या वर वीतभर जागेत बारीक रेघ चमकत होती. वाटी तोवर हाताला गरम लागायला लागली होती. अशा उन्हाळ्यात एकदम जास्त इपॉक्सी कालवलं की ते स्वतःच तापतं आणि वाटीतच दगड होतं. रंधा मारायला वेळ नव्हता. वाटी फेकून द्यायची, तर महागाचा माल. भाच्यानं सरस लावला, त्या वीतभर जागेवर तीन क्लॅम्प जास्तीचे चढवले आणि पिळले. रेघ नाहीशी झाली.

दाबून बसवलेली पट्टी बसल्यासारखी दिसते, एवढंच. तिला सरळ व्हायचं असतं आणि ती रात्रंदिवस आतून सांधा उचलत राहते. शिवाय जिथं ती खरोखर टेकली होती तिथला सरस क्लॅम्पनं पिळून बाहेर काढला. म्हणजे एका जागी सरस नको तितका जाड, शेजारी जवळजवळ कोरडं.

मामा शनिवारी परतला. धनुष्य घासून, पॉलिश होऊन तयार होतं. मोतीबिंदूमुळे त्याला बारीक दिसत नसे.

“उजेड दिसस का रे भाऊ?”

“नई दिसस,” भाचा म्हणाला. यात अक्षरही खोटं नव्हतं.

तेवढ्यात पोऱ्या आणि त्याचा आजा आले. पोऱ्यानं हात पुढे केला. मामानं धनुष्य भाच्याकडे दिलं. शेडचा नियमच होता: जो जोडी, तो पहिले ताणी. हनुवटीपर्यंत, पन्नास वेळा. बाण नसताना दोरी सोडायची नाही. ओढायची आणि हळूच परत न्यायची.

भाच्यानं अर्ध्यापर्यंत ओढलं आणि थांबला. “मामा, खांदा दुखस. भिंतीच्या खुंटीला लावू का?”

“लाव. पण खुंटीले गाल नसतो.”

भाच्यानं धनुष्य खाली ठेवलं. “मधे वीतभर फट होती. दाबून बसवली,” तो म्हणाला. पोऱ्याच्या देखत म्हणाला, हे मला महत्त्वाचं वाटतं. मामाला एकट्याला गाठून सांगणं सोपं होतं.

मामा काही बोलला नाही. धनुष्य खुंटीला अडकवून त्यानं लांबून, कप्पीवरून दोर ओढला. पूर्ण ताणाच्या आधीच फाडकन आवाज झाला आणि बांबूची पट्टी उसळून भिंतीवर आदळली. तुकडे उलटून पाहिले. टोकांकडे सांध्याबरोबर लाकडाचे तंतू उपटून आले होते, म्हणजे तिथं लाकूड हरलं होतं, सांधा नाही. वीतभर जागेत मात्र सरसाचा अख्खा पापुद्रा गुळगुळीत सुटला होता. त्यावर रंध्याच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या.

आजा हसला. “आमच्या कामठ्याला सांधाच नाही. तुटेल कुठून?”

“बाबा, बांबूचे तंतू सालीकडे दाट आणि आत विरळ,” मामा म्हणाला. “तुमचे थर वाढतानाच एकमेकांत बसलेले असतात. आम्हाला ते बसवावे लागतात.”

आजानं धामणीचा तुकडा कोयत्याच्या मुठीसाठी मागून घेतला. रविवारी पोऱ्या शाळेच्या जुन्या धनुष्यानं खेळला आणि निवडीत मागे राहिला. आगाऊ पैसे परत करू लागले तर त्यानं घेतले नाहीत. धनुष्यच द्या म्हणाला.

भाचा पुन्हा बसला. एका पट्टीला काजळ, ती दुसरीवर टेकवायची, जिथं काळं उठलं तिथंच रंधा. डाग आधी दोन टोकांना उठत होते, मग मधे, मग सगळीकडे सारखे. मग काजळ खरवडून काढलं, खरखरीत पॉलिश पेपरनं दोन्ही अंगं घासली, पट्ट्या खिडकीला धरल्या, आणि त्यानंतर डब्याचं झाकण उघडलं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्याही बेताच्या ताणानं. क्लॅम्प खुंटीवरच राहिले.

पोऱ्या आजाला घेऊन न्यायला आला तेव्हा भाच्यानं धनुष्य त्याच्या हातात दिलं नाही. दोरी हनुवटीपर्यंत ओढली, हळूच परत नेली, पुन्हा ओढली. आजा मोठ्यानं मोजायला लागला. तिसावर पोऱ्याला राहवेना.

“दादा, द्या ना आता!”

“थांब रे,” आजा म्हणाला, “त्याचे वीस राहिलेत.”