परवानगी मागणारी सेवा

बापाच्या पापाचा दोष मुलाला लागत नाही, असे यहेज्केल शिकवितो. मग मुलाने काहीच करू नये काय?

१९४० साली जर्मन बॉम्बहल्ल्यात इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल उद्ध्वस्त झाले. १९६१ मध्ये जर्मन तरुण-तरुणी तेथे आले आणि पडक्या खोल्या दुरुस्त करून त्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील युवकांसाठी भेटीचे केंद्र उभारले. हल्ल्याच्या वेळी ती लेकरेच होती. त्यांना पाठविणाऱ्या संस्थेने १९५८ सालीच दुखावलेल्या राष्ट्रांकडे सेवेची परवानगी मागितली होती. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीचे तरुण ड्रेस्डेनला गेले व तेथील बॉम्बने पडलेले इस्पितळ बांधू लागले.

दोष वारशाने येत नाही. समेटाचे काम मात्र येते. युवकहो, सेवेस निघताना आपण उपकारकर्ते म्हणून जातो, की परवानगी मागत?