'मी'ची साक्ष

देवळाच्या मंडपात पुराण सांगणारा पुराणिक कथेच्या बाहेर बसलेला असतो. त्यास कोणाचे राज्य मिळवावयाचे नसते की शापातून सुटावयाचे नसते. म्हणून त्याच्या शब्दावर आपण निःशंकपणे विसंबतो. परंतु कादंबरीतील पात्रच 'मी' म्हणून बोलू लागले, की ही निश्चिंतता उरत नाही. त्या 'मी'वर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न केवळ साहित्याचा नसून नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली; पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिला लाभला. तीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली हकीकत सांगतात. ययातीचे ऐकताना त्याच्या स्खलनाचीही कीव येते; देवयानी बोलू लागली, की तिचा संताप रास्त भासतो; शर्मिष्ठेकडे वळताच मन पुन्हा डळमळते. यांपैकी कोणास लबाड ठरविण्याचे कारण नाही. प्रत्येकास स्वतःचे दुःख जवळून दिसते आणि आपण दुसऱ्यास दिलेले दुःख दुरून, इतकेच.

मग 'मी' सर्वथा त्याज्य मानावा काय? आम्ही तसे म्हणत नाही. शर्मिष्ठेचे एकटेपण तिच्यावाचून कोण सांगणार? ज्याचे त्याने भोगलेले त्याच्याच तोंडून ऐकावे. निवाडा मात्र त्याच्यावर सोपवू नये. साक्षीदारानेच न्यायासनावर बसणे कोणत्याही पंचायतीस मान्य होणार नाही.

आदिपर्वातील ययातीची कथा येथे आठवते. तपात तुझ्या तोडीचा कोण, असे इंद्राने स्वर्गात त्यास विचारले. देव, मनुष्य, गंधर्व, महर्षी यांत आपल्या तोडीचा कोणीच दिसत नाही, असे तो उत्तरला, आणि त्या एका उत्तराने त्याचे पुण्य सरून तो स्वर्गातून ढळला. भोगाने जे घडले नव्हते, ते स्वतःविषयी दिलेल्या साक्षीने घडले.

भाऊबंदकीची वाटणी असो वा देवस्थानातील मानपानाचा तंटा असो, आपणही हकीकत सांगू लागतो ती 'मी'पासूनच, आणि ऐकणारा घरचाच असल्यामुळे ती खरीही ठरते. अशा वेळी देवयानीचे प्रकरण वाचून झाल्यावर शर्मिष्ठेचे पान आपण उलटले आहे काय, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. कादंबरी वाचल्याचे याहून मोठे फळ आम्हांस ठाऊक नाही.